दिवसा सायकलवर रत्नागिरी, रात्री खळ्यात याकिनिकू

याकिनिकू म्हणजे माणसांच्या मधोमध निखारे, त्यावर जाळी, आणि पातळ कापलेलं मांस ज्याने त्याने आपापलं भाजून तिथल्या तिथे खायचं. दिवसभर शहर पालथं घालून रात्री असं जेवायचं, हा बेत ओसाका किंवा टोकियोत सोपा, कारण तिथे निखारे हॉटेलवाला तयार ठेवतो. रत्नागिरीत ते तुम्हालाच करायचे आहेत. म्हणून आधी शेगडीची वेळ ठरवायची आणि तिच्यामागे दिवस लावायचा. भटकंती आधी आखून जेवण शेवटी चिकटवलं, तर रात्री नऊ वाजता अर्धवट पेटलेल्या कोळशाभोवती भुकेलेली माणसं आणि कच्चं चिकन, एवढंच हाती लागतं.

पुढची मापं सहा माणसांची आहेत. एका शेगडीभोवती चार ते सहा जणच बसवा. आठ-दहा जण असतील तर दोन शेगड्या लागतील.

वेळ कुठून मोजायची

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा यासाठी चांगला काळ. दुपारपासून समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत अंगावर येत राहतो. त्यात शेगडी ठेवली की एका बाजूचे निखारे धगधगतात, दुसऱ्या बाजूचे काळे पडतात, राख मांसावर उडते. सूर्यास्तानंतर हा वारा मंदावतो आणि रात्री उशिरा जमिनीकडून मतलई सुरू होते. या दोन वाऱ्यांमधला वेळ भाजण्यासाठी उत्तम. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, म्हणजे पहिलं मांस जाळीवर पडायची वेळ साडेसात धरा. कोळसा नीट व्हायला पाऊण तास लागतो, म्हणून पेटवायचा पावणेसातला. त्याआधी अंघोळ आणि मांडामांड यांना तासभर. म्हणजे सायकली पावणेसहाला अंगणात आल्या पाहिजेत. भाट्याच्या पुळणीवर, म्हणजे तिथल्या वाळूच्या किनाऱ्यावर, सूर्यास्त बघायचाच असेल तर हे सगळं अर्ध्या तासाने पुढे ढकला, पण कोळसा पेटवायला दोघांना आधी परत पाठवा. कोळसा कुणाची वाट बघत नाही.

वार बघून घ्या. मार्गशीर्षातले गुरुवार, संकष्टी, कुणाचा सोमवार, कुणाचा शनिवार. सहा जणांत एखादा उपासाचा निघतोच आणि ते मांस विकत घेतल्यावर कळतं. थिबा राजवाड्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेव्हा सोमवार दोन्ही अंगांनी बाद. रविवार सोयीचा, फक्त मटणाच्या दुकानात आदल्या दिवशी सांगून ठेवायचं.

मुक्काम मांडवी किंवा भाट्याच्या बाजूला घ्या. शहराचा वरचा भाग सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, आणि खालचा समुद्रालगत, त्यामुळे खाली राहिलात तर दिवसाचा शेवट उताराने होतो. खोली ठरवताना घरमालकांना तीन गोष्टी विचारा: खळ्यात, म्हणजे अंगणात, कोळशाची शेगडी चालेल का, आवारात मटण चालेल का, आणि फ्रीजमध्ये एक कप्पा मोकळा मिळेल का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नेहमी आधी घ्यावं.

आदली रात्र: तारे

तारे म्हणजे याकिनिकूचं सॉस. ते आदल्या रात्री करून ठेवायचं. ताजं ताजं वापरलं तर लसूण कच्ची लागते आणि सोया वेगळा पडतो.

सोया सॉस १५० मिलि, पाणी ७५ मिलि, साखर ६० ग्रॅम, अर्धं सफरचंद किसून, एक मोठा चमचा किसलेला कांदा, लसणीच्या चार पाकळ्या आणि इंचभर आलं वाटून. हे सगळं मंद आचेवर चार मिनिटं उकळा, उतरवा, मग दीड मोठा चमचा भाजून भरडलेले पांढरे तीळ आणि एक चमचा व्हिनेगर घाला. व्हिनेगरऐवजी कोकमाचं आगळ घातलं तर आंबटपणा अधिक गोल येतो, पण आगळात मीठ असतं. तेव्हा सोया वीस मिलिने कमी करा आणि चाखून बघा. मिरिन, म्हणजे स्वयंपाकात वापरायचं गोड जपानी तांदळाचं मद्य, मिळालं नाही म्हणून अडत नाही, सफरचंद आणि साखर ते काम करतात.

सोया सॉस मात्र बघून घ्या. चायनीजच्या गाड्यांवर असतो तो काळा, दाट सॉस यात चालत नाही. तो रंगासाठी असतो आणि जाळीवर कडवट होतो. बाटलीवर ‘लाइट’ किंवा ‘नॅचरली ब्रूड’ असं असलेला घ्या. तिळाच्या तेलाचंही तसंच. आपल्या घाण्याचं तेल कच्च्या तिळाचं, जपानी तेल भाजलेल्या तिळाचं. वास अगदी निराळा. भाजलेल्या तिळाचं तेल नसेल तर दोन मोठे चमचे तीळ तांबूस होईपर्यंत भाजा, भरडा आणि अर्धी वाटी कोमट घाण्याच्या तेलात रात्रभर ठेवून गाळा. बरंच जवळ जातं.

तारे गार झालं की दोन बरण्यांत भरा. एक मांस मुरवायला, दुसरी ताटात बुडवून खायला. मुरवणीचं उरलेलं तारे बुडवायच्या वाटीत कधीही घालू नका; कच्च्या मांसाचं पाणी त्यात उतरलेलं असतं.

मांस: काय घ्यायचं, कसं कापायचं

जपानात या जेवणात मान गोमांसाला. आपल्या राज्यात गाईच्या आणि २०१५ पासून बैल, वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे, तेव्हा तो विषय इथेच थांबतो. पण होक्काइदो बेटावर ‘जिंगिसुकान’ नावाचा प्रकार आहे, त्यात मेंढीचं मांस घुमटासारख्या फुगीर लोखंडी तव्यावर भाजतात आणि कडेला ओघळणाऱ्या चरबीत भाज्या शिजतात. मटणाच्या प्रदेशाला हा धागा सोयीचा. फरक एवढाच की कोकणात मिळतं ते बोकडाचं मटण, आणि ते मेंढीपेक्षा सुकं आणि दमदार. ते मऊ करायची व्यवस्था आपल्याला करावी लागते.

चिकनच्या मांडीचं बोनलेस ७०० ग्रॅम, मटणाच्या रानाचं, म्हणजे मांडीचं, बोनलेस ५०० ग्रॅम, माकूल (स्क्विड) आणि कोळंबी मिळून ४०० ग्रॅम. एवढं सहा जणांना भाताबरोबर भरपूर होतं. चिकनच्या छातीचे तुकडे घेऊ नका, जाळीवर त्यांचा भुसा होतो. मांडी चामडीसकट मागा. न सांगता दुकानदार चामडी काढूनच देतो.

मटण घरी कापायचं. रानाचा अखंड तुकडा कोरडा पुसून, घट्ट गुंडाळून दीड-दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा. बोटाने दाबल्यावर वरून कडक, आतून किंचित लवचिक लागला की बाहेर काढा. आता मांसाचे धागे कुठल्या दिशेने धावतात ते बघा आणि सुरी त्यांना आडवी धरून तीन मिलिमीटरच्या चकत्या पाडा. धाग्यांच्या दिशेने कापलं तर कितीही मुरवा, घास दातात अडकणारच. पूर्ण गोठलेल्या तुकड्यावर सुरी घसरते, तेव्हा घाई करू नये.

चकत्यांना वाटलेली कच्ची पपई चोळा, पाव चमचा, अगदी अर्धा तास. चकत्या पातळ असल्याने एवढी पुरते. जास्त लावली किंवा रात्रभर ठेवली तर मटण वरून पिठासारखं होतं आणि जाळीला चिकटून फाटतं. अर्ध्या तासाने पपई पुसून चार मोठे चमचे तारे आणि दोन चमचे तेल चोळून ठेवा. तेल यासाठी की बोकडाच्या रानात फारशी चरबी नसते.

चिकन एक सेंटिमीटर जाड, दोन घासांचे तुकडे. अर्ध्याला नुसतं मीठ आणि मिरपूड, अर्ध्याला तारे. त्याला पपई नको.

माकूल आणि कोळंबी मिरकरवाड्याच्या मासळी बंदरातून सकाळी घ्यायची, पण सायकलवर घेऊन फिरायची नाही. गटातल्या एकाला रिक्षाने पाठवा किंवा घरच्या काकूंना आदल्या दिवशी सांगून ठेवा. भावाची घासाघीस त्यांनाच जमते. माकूल उभं चिरून उलगडा, आतल्या बाजूने पाच-पाच मिलिमीटरवर तिरप्या उथळ रेघा ओढा, नाहीतर आचेवर ते सुरळीसारखं गुंडाळतं आणि आतून कच्चं राहतं. कोळंबीचं कवच राहू द्या, पाठीवर चीर देऊन दोरा काढा. कोकणात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून फ्रीज असला तरी थर्मोकोलची पेटी आणि मांसाच्या वजनाइतका बर्फ जवळ ठेवा. बंदरावरचा बर्फ मासे गार ठेवायचा. तो पाण्याच्या ग्लासात पडता कामा नये, आणि वितळलेलं पाणी मटणाच्या डब्यात शिरता कामा नये.

दिवस

अंतर फार नाही, सगळं मिळून वीस किलोमीटरच्या आत. दमवतात ते चढ. गिअरची सायकल असेल तर बरं. एका गिअरची असली तर सड्यावर चढताना सरळ उतरून चाला, त्यात कमीपणा नाही. निघण्याआधी दोन्ही ब्रेक उतारावर तपासा. जांभ्याची लाल माती रस्त्यावर पसरलेली असते आणि वळणावर चाक सरकतं.

साडेसहाला निघून आधी रत्नदुर्ग. घोड्याच्या नालासारखा पसरलेला, तीन बाजूंनी पाणी. वर भगवती देवीचं देऊळ, पलीकडच्या टोकाला दीपगृह. चढ सकाळच्या गारव्यात उरकायचा. नऊ वाजल्यानंतर तोच चढ दुप्पट वाटतो. खाली शहरात येऊन नाश्ता, मग टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान. १८५६ साली ते इथे जन्मले. घर उतरत्या कौलांचं, कोकणी घर कसं बांधतात ते बघण्यासाठीही थांबावं. तिथून पतितपावन मंदिर. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना भागोजीशेठ कीर यांनी ते बांधलं आणि १९३१ मध्ये ते सर्व जातींना खुलं झालं.

दहाच्या सुमारास थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणलं. हा वाडा १९१० मध्ये तयार झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. खिडक्यांच्या अर्धवर्तुळात रंगीत काचा आहेत, सकाळी आत उजेड त्यांतूनच येतो. इथे तासभर द्या. जवळच थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि काजळी नदीचं मुख दिसतं. संध्याकाळी जिकडे जायचं ते वरून बघून घ्या.

बारा ते साडेतीन आडवं व्हायचं. या तासांत सायकल चालवणाऱ्याला रात्री जेवण जात नाही, डोकं धरतं. दुपारचं जेवण हलकं: दोन घावनं आणि चटणी, किंवा ताकभात. इथे बहुतेकांचा बेत फसतो. रत्नागिरीत आलो म्हणून दुपारी सुरमईची थाळी मागवतात, वर भात, आणि साडेसातला जाळीपुढे सुस्तावून बसतात. थाळी हवीच असेल तर दुसऱ्या दिवशी खा. पाण्याबरोबर मीठ घातलेलं कोकम सरबत बाटलीत ठेवा, माणशी निदान दोन लिटर द्रव दिवसभरात पोटात गेलं पाहिजे.

चारला भाट्याचा पूल ओलांडून पलीकडे. पुळण, सुरूचं बन, टोकाला झरीविनायक. सायकल वाळूत घालू नका. साखळीत वाळू आणि खारं पाणी गेलं की परतीच्या वाटेवर करकर सुरू होते. पावणेपाचला परत फिरा.

शेगडी

पुळणीवर शेगडी लावायचा मोह होतो. नको. वारा, वाळू आणि अंधारात कच्चं-भाजलेलं न कळणं, तिन्ही एकदम अंगावर येतात. जागा खळ्यात, घराच्या समुद्राकडच्या नव्हे तर आतल्या बाजूला, म्हणजे घरच वारा अडवतं. वर बघा. हिवाळ्यात खळ्यावर झावळ्यांचा मांडव असतो आणि एक ठिणगी त्याला पुरते. उघड्या आकाशाखालीच बसा, हाताशी पाण्याची बादली. पडवीत किंवा खोलीत कोळसा कधीही नाही, पाऊस आला तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोप येते आणि माणूस उठत नाही.

पस्तीस-चाळीस सेंटिमीटरची लोखंडी शेगडी, तिच्यावर बसणाऱ्या दोन जाळ्या, आणि दोन किलो लाकडी कोळसा. इस्त्रीवाल्यांना जिथून जातो तिथून घ्या, तो कोरडा असतो. करवंटीचा कोळसा मिळाला तर उत्तम, आच टिकते. नुसत्या करवंट्या मात्र जाळीखाली नकोत, त्यांचा काळा धूर मांसावर बसतो. पेटवायला त्या चालतात: तेलाच्या पत्र्याच्या डब्याचा तळ आणि झाकण कापून नळकांडं करा, खाली नारळाची सुकी सोडणं आणि दोन करवंट्या, वर कोळसा. वीस मिनिटांत वरचे खडे कडेने पांढरे होतात. रॉकेल वापरलंत तर पहिल्या तीन फेऱ्यांचं मांस रॉकेलच खाईल.

निखारे शेगडीच्या दोन तृतीयांश भागात पसरा, उरलेला भाग रिकामा. ही रिकामी बाजू म्हणजे सुटकेची जागा, करपायला लागलेला तुकडा तिथे सरकवायचा. पांढरी राख चढल्यावर जाळीपासून वीतभर वर तळहात धरा. तीन-चार सेकंद सहन झाला की आच बरोबर. दोनच सेकंद टिकला तर थांबा, सहा टिकला तर पंख्याने वारा घाला. जाळी पाच मिनिटं रिकामी तापवा आणि अर्धा कांदा तेलात बुडवून तिच्यावर फिरवा. गार जाळीवर टाकलेलं मांस उचलताना निम्मं तिथेच राहतं.

भाजणं

क्रम महत्त्वाचा: मिठाचं आधी, ताऱ्याचं नंतर. ताऱ्यात साखर आहे, ती जाळीवर करपते आणि पुढच्या प्रत्येक तुकड्याला कडू डाग लावते. मिठाचं चिकन, माकूल, कोळंबी पहिल्या जाळीवर; मग जाळी बदलून मटण आणि ताऱ्याचं चिकन. जपानी दुकानांतही काळी झालेली जाळी मधेच बदलून देतात.

माकुलाला एका बाजूने मिनिटभर पुरे, जास्त ठेवलं की रबर. कोळंबी दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं. मटणाची चकती टाकल्यावर हात लावू नका. वरच्या बाजूला ओलसर थेंब दिसले की उलटा, आणि अर्ध्या मिनिटात उचला. चिकनला प्रत्येक बाजूला तीन मिनिटं आणि शेवटी सर्वांत जाड तुकडा कापून बघणं. आत गुलाबी दिसलं तर परत जाळीवर. मांसाचा थर्मामीटर असेल तर ७४ अंश सेल्सिअस. चामडीची चरबी गळून भडका उठला तर पाणी मारू नका, राख उडते. बर्फाचा एक खडा जाळीवर ठेवा. जपानातही हेच करतात.

कच्च्यासाठी एक चिमटा, खाण्यासाठी वेगळा. गप्पांच्या नादात हा नियम आधी मोडतो, म्हणून कच्च्याच्या चिमट्याला लाल दोरा बांधा. एका वेळी दोन मिनिटांत खाऊन होईल एवढंच जाळीवर टाका. एकाने उभं राहून सगळ्यांसाठी भाजायचं आणि बाकीच्यांनी ताट पुढे करायचं, तसं झालं की ते याकिनिकू राहत नाही. भाजणाऱ्याला गार झालेलं खावं लागतं, ते वेगळंच.

जिंगिसुकानच्या वळणावर जायचं असेल तर जाळीच्या निम्म्या भागावर बिडाचा तवा ठेवा, त्यावर कांदा, कोबी, मोड आलेले मूग, आणि मध्ये मटण. तवा बाहेरून आणा. घरातला घावनांचा तवा मागू नका. त्याला मटणाचा वास लागला तर पुढच्या खेपेला खोली मिळणार नाही.

शाकाहारी मंडळींना वेगळी छोटी शेगडी, वेगळी जाळी, वेगळा चिमटा. लाल भोपळ्याच्या अर्धा सेंटिमीटरच्या फोडी, वांगं, भावनगरी मिरची, मश्रूम, रताळं. रताळं आधी उकडून घ्या, नाहीतर बाहेरून कोळसा आणि आत कच्चं.

भात चिकट हवा. कोकणातला उकडा सुटा राहतो, ताऱ्याबरोबर जमत नाही. आंबेमोहर नेहमीपेक्षा थोडं जास्त पाणी घालून करा. सोबत हाताने फाडलेला कोबी, मीठ आणि भाजलेल्या तिळाचं तेल. मांसाच्या दर चार घासांनी एक कोबीचा घास घेतला तर जेवण लांबवर चालतं.

जेवण संपलं तरी निखारे तासन्‌तास आत लाल असतात. ते वाळूत किंवा झाडाच्या बुंध्याशी पुरू नका. वरून गार दिसतात आणि सकाळी अनवाणी मुलाचा पाय त्यावर पडतो. पत्र्याच्या घमेल्यात पाणी भरून एकेक निखारा चिमट्याने सोडा, अंतर ठेवून, कारण वाफ हातावर येते. रात्रभर तसंच राहू द्या. पूर्ण भिजलेला कोळसा दोन दिवस उन्हात वाळवला की पुन्हा पेटतो.